जगावर जळणाऱ्या शोभा मॅडम

माझ्या मावसभावाच्या रिसेप्शनला, हिंगणघाटच्या एका लॉनवर, फोटोसाठी ही मोठी लाईन लागलेली. एक बाई स्टेजवर चढल्या. जाड भिंगाचा चष्मा, कॉटनची साडी, पायात चक्क स्पोर्ट्स शूज. पाकीट द्यायचं सोडून त्यांनी नवरदेवाच्या कानामागून हात घातला आणि जोरात म्हणाल्या, "तुले इथं कोनं आनलं रे? तुयं गाव तं फिलिपीन्स! इथं बेचाळीस डिग्रीत मरशीन ना!"

आमचा दादा पांढराफटक पडला. त्याला वाटलं, आपल्यालाच. त्या बोलत होत्या मागच्या सजावटीतल्या फुलांशी. पांढरी, मोठी, फुलपाखरासारखी, कुंड्यांसकट आणून ठेवलेली. फॅलेनॉप्सिस, ऑर्किडचाच एक प्रकार. व्हिडिओवाल्यानं ते सगळं शूट केलंय आणि अजूनही घरी कॅसेट लागली, म्हणजे पेनड्राइव्ह लागला, की तेवढा तुकडा मागे-पुढे करून चारदा बघतात.

तर या शोभा मॅडम. बॉटनी शिकवून रिटायर झालेल्या आणि राहायला वर्ध्याला, आमच्याच पिपरी मेघेत, आमच्या मागच्या गल्लीत! मला पत्ताच नव्हता. मी तेव्हा अकरावीत होते. दर रविवारी सकाळी त्या अकरावी-बारावीच्या मुलींना घरी शिकवायच्या, चहा त्यांच्याकडून, पोहे ज्या मुलीची पाळी तिच्याकडून. आईनं लग्नातच माझं नाव देऊन टाकलं. "ही हुशार आहे, फक्त बोलते फार." मॅडम म्हणाल्या, "बोलू द्या. मी पन गप्प नाई बसत."

आता मॅडमची मुख्य गोष्ट सांगते. मॅडम जळायच्या. लोकांच्या बंगल्यांवर नाही, सोन्यावर नाही. देशांवर! जिथे जिथे रानात ऑर्किड उगवतं, त्या प्रत्येक जागेवर त्या अगदी मनापासून, चेहरा लाल होईपर्यंत जळायच्या. आणि ऑर्किड तर अंटार्क्टिका सोडून सगळीकडे उगवतं. म्हणजे विचार करा, केवढं काम!

"त्या मादागास्करची मले इतकी जलन होते ना, पोट्टीहो," असं सुरू व्हायचं. तिथे अँग्रीकम नावाचं ऑर्किड, पांढरी चांदणी, आणि तिच्या मागे फूटभर लांब शेपूट, आणि शेपटीच्या तळाशी मध. तो मध प्यायला तेवढ्याच लांब जिभेचा पतंग. "एका फुलासाठी एक जीभ! अन् आपल्याइथं पाह्यलं तं डास." मग दक्षिण आफ्रिका. तिथल्या डोंगरावर ओढ्याच्या काठी लालभडक डिसा फुलते. "तिथले लोक डबा घेऊन फिराले जातेत अन् पाहून येतेत. फुकट! मी जळू नको तं काय करू?" ऑस्ट्रेलियावर तर त्या विशेष चिडून असायच्या, कारण तिथे एक ऑर्किड जमिनीच्या आतच फुलतं, रायझँथेला, वर येतच नाही. "एवढे ऑर्किड त्यायच्याकडे, की एक तं जमिनीत गाडून ठेवलं. श्रीमंती पाहा त्यायची."

भूमध्य समुद्राकाठचं ऑफ्रिस शिकवलं तो रविवार मी कधीच विसरणार नाही. ते फूल हुबेहूब मादी माशीसारखं दिसतं, वासही तसाच, आणि नर बिचारा येऊन फसतो. आम्ही सगळ्या खिदळतोय, आणि आतून काका, म्हणजे मॅडमचे मिस्टर, ओरडले, "शोभे, माया बाबतीतही हेच झालं!" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तो किडा निदान परागकन तरी नेते."

काका वीज खात्यातून रिटायर झालेले. त्यांचं आणि ऑर्किडचं जुनं भांडण होतं आणि त्याला कारण कूलर. म्हणजे झालं असं की आम्ही यायच्या आधी कधीतरी मॅडमच्या भावानं दार्जिलिंगहून सिंबिडियमची कुंडी आणली होती. हिमालयातलं झाड, त्याला रात्री थंडी लागते. आणि आपल्याकडे मे महिना! मॅडमनी घरातला एकुलता एक कूलर त्या कुंडीसमोर लावला. नवीन गवताच्या ताट्या, टाकीत बर्फ, आणि काकांचा पलंग दुसऱ्या खोलीत.

"मी अख्खा उन्हाळा गच्चीवर ओली चादर घेऊन झोपलो," काका सांगायचे. "अन् तिची पाहुनी कूलरमध्ये! जनू माहेरी बाळंतपनाले आली."

आमच्याकडे माणूस आजारी पडला की कूलरसमोर झोपवतात ना, मॅडमनी अगदी तेच केलं. पण झाडाची मुळं रात्रंदिवस त्या दमट वाऱ्यात ओलीच राहिली आणि पोळा यायच्या आत सडली. मॅडम जेवल्या नाहीत म्हणे. तेव्हापासून त्यांनी नियमच केला की बाहेरचं ऑर्किड घरात आणायचं नाही. "ज्याचं रान त्याच्याजवळ राहू द्या. आनायचं नाई. फक्त नावावर करायचं."

हे नावावर करणं म्हणजे मॅडमच्या क्लासची खरी मजा. तुमच्या कुठल्याच क्लासमध्ये असलं काही नसणार, पैज लावते! वावर कसं नावावर करतात, तसं मॅडम प्रत्येक मुलीच्या नावावर एकेक ऑर्किडचं कुळ करायच्या, त्याच्या देशासकट. कागद नाही, काही नाही, तोंडी. कपाळाला हळदीकुंकवाचं बोट आणि हातावर साखर. मग ते तुमचं. तुम्ही त्याचे मालक. तिथे पाऊस किती, किडा कोणता, जंगल तुटतंय का, सगळं तुम्ही बघायचं आणि कोणी काही विचारलं की मॅडम म्हणणार, "मालकिनीले विचारा." एका मुलीला ब्राझीलचं कॅटलिया मिळालं, ती घरी जाऊन ब्राझीलची फुटबॉल टीम पाठ करून आली. एकीला मेक्सिकोचं व्हॅनिला मिळालं. ती आइस्क्रीम खाताना आमच्याकडे असं बघायची, जसं आम्ही तिच्या बागेतले पेरू चोरून खातोय.

माझा नंबर आला. मी देवाला म्हणत होते, इक्वेडोर, इक्वेडोर, इक्वेडोर! कारण आदल्या रविवारी मॅडमनी ड्रॅक्युला दाखवलं होतं. अँडीज पर्वतातलं ढगांमधलं जंगल, शेवाळलेल्या फांद्या, आणि फांदीखाली लोंबणारं फूल, ज्याच्यात माकडाचं तोंड दिसतं. खरंच माकडाचं! डोळे, नाक, दाढी. मला दोन रात्री झोप नव्हती.

मॅडमनी माझ्या कपाळाला बोट लावलं, साखर दिली. "पल्लवे, तुया नावावर वांदा."

वांदा! म्हणजे आपल्या इथलंच. आंब्यावर, मोहावर, पळसावर उगवतं ते. आजी ज्याची मुळं काढ्यात घालते आणि रास्ना म्हणते, तेच. पिवळट-तपकिरी जाळीदार फूल, जिभेसारखी एक जांभळी पाकळी. छान असतं, नाही असं नाही. पण ते बघायला पासपोर्ट लागत नाही, बस लागते.

आणि ड्रॅक्युला कोणाच्या नावावर? अश्विनीच्या.

अश्विनी आर्वीकडच्या रोहण्याची. घरी संत्र्याची बाग, थोडा कापूस, वर्ध्यात होस्टेलला राहायची. कमी बोलायची. तिचे केस नेहमी एकाच वेणीत आणि अक्षर छापल्यासारखं, आणि ती मुद्दाम काही न करता सगळ्यांना आवडायची, अशा मुली किती त्रासदायक असतात ते ज्यांच्या वर्गात होत्या त्यांनाच माहीत. पुढच्याच रविवारी ती शोधून आली की त्या माकडाच्या तोंडाच्या ड्रॅक्युलाला पिकलेल्या संत्र्याचा वास येतो.

मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "संत्र्याचा? तिकडं ढगात बसून संत्र्याचा वास मारते? मग आमच्या आर्वीत येऊन बसाले काय झालं होतं त्याले! अश्विने, आता तं मी जळून कोळसा झाली." आणि अश्विनीच्या पाठीवर अशी थाप मारली की तिच्या हातातले पोहे सांडले.

माझ्या पाठीवर थाप नाही. मी वांदाबद्दल शोधून आणलं होतं की हे नाव संस्कृतातून गेलंय, अख्खं जग आपलाच शब्द वापरतं. मॅडम म्हणाल्या, "छान." बस. छान! छान तर त्या पोह्यांनाही म्हणायच्या.

मी बदलून मागितलं. गोरसपाकाचा, म्हणजे आपल्या वर्ध्याच्या बिस्किटांचा, पुडा घेऊन गेले, काकांसाठी वेगळा. मॅडमनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "फेरफार नाई होत, पल्लवे. एकदा नावावर चढलं की चढलं." पुढच्या महिन्यात परत मागितलं. बारावीत मागितलं. बीएस्सीला गेल्यावर सुट्टीत भेटायला गेले तेव्हाही मागितलं. "मॅडम, निदान सैबेरियाचं सायप्रिपेडियम तरी द्या, ते कोणाच्याच नावावर नाही, बर्फात पडलंय बिचारं." मॅडम हसायच्या नुसत्या.

मला काय हवं होतं, ते मला नंतर कळलं. इक्वेडोर नव्हतं हवं. मॅडमचं माप एकच होतं. ज्याच्यावर त्या जळल्या, ते मोलाचं. शाबासकी त्या कोणालाही द्यायच्या, दूधवाल्यालासुद्धा. जलन मोजून द्यायच्या. मला ती हवी होती. मी काहीतरी असं सांगावं, असं काहीतरी करावं, की मॅडम माझ्याकडे बघून एकदा, फक्त एकदा, जळाव्यात. अश्विनीला ते येता-जाता मिळत होतं आणि तिला त्याची किंमतही नव्हती.

मग अश्विनी खरंच गेली. इक्वेडोरला! नागपूरला एमएस्सी, मग बाहेरची कुठलीशी स्कॉलरशिप, आणि एका संशोधन चमूबरोबर ती थेट त्या ढगांच्या जंगलात. मी तेव्हा वर्ध्यातच, बीएड करत होते. बातमी कळली तेव्हा मी भांडी घासत होते, आणि मी आईला म्हटलं, "छान." मॅडमच्या आवाजात.

तिचा पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी मॅडमच्याच घरी होते, काकांच्या मोबाइलचं रिचार्ज करून देत होते. तेवढ्यात मॅडमच्या फोनवर अश्विनीचं नाव. काका म्हणाले, "घे ना, तुयी लाडाची पोट्टी." मॅडमनी फोन उलटा ठेवला. वाजून वाजून बंद झाला. परत आला. परत नाही घेतला. असं किती वेळा झालं! फोटो पाठवले तिनं, मॅडमनी उघडलेच नाहीत.

"मॅडम, काऊन नाई घेत?"

"नाई घेत म्हनजे नाई घेत."

"तिच्यावर रागावल्या का?"

मॅडम शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या, त्यातली एक सोलून ताटात टाकली. मग म्हणाल्या, "राग नाई वं. ते फूल तिच्या नाकासमोर हाय, अन् मी इथं शेवगा सोलून राह्यली. फोनवर पाह्यलं तं तिले शाबास म्हनाव लागीन, अन् माया तोंडातून शाबास निघनार नाई. जलनच निघीन. पोरीच्या चांगल्या दिवसात मास्तरनीनं असं तोंड दाखवू नये."

म्हणजे बघा! पूर्ण जग सोडून मॅडम एका माणसावर जळल्या होत्या आणि ते माणूस कोण, तर अश्विनी. मला आनंद व्हायला पाहिजे होता की आता मॅडम फक्त माझ्या. रोज संध्याकाळी मीच जायचे, बाजारात मीच न्यायचे, गुडघ्याला तेल मीच चोळायचे. पण शप्पथ सांगते, तिच्याशी फोनवर बोलत नव्हत्या तरी सगळ्यात पुढे तीच होती.

मे महिन्यात अश्विनीच्या आईचा निरोप आला. रसाचं जेवण आहे, मॅडमला घेऊन ये. मला वाटलं नाही म्हणतील. मॅडम म्हणाल्या, "पोरीवर जळते मी, तिच्या आईच्या रसानं माया काय घोडं मारलं?" सकाळच्या एसटीनं निघालो. मॅडमचे तेच शूज, डोक्याला ओला दुपट्टा, पिशवीत कांदा. उतरलो तर अश्विनीच्या आईनं सांगितलं, हे आंब्याकडे गेलेत, बोलवा त्यांना. घराच्या मागेच वावर.

जाऊन बघतो तर अश्विनीचे बाबा शिडीवर. बांबूला बांधलेला विळा हातात आणि आंब्याच्या फांद्यांवरून झुबके खरडून खाली टाकतायत. लांब चामड्यासारखी पानं, दोरखंडासारखी पांढरी मुळं, आणि त्यातल्या तीन-चार झुबक्यांना फुलं! वांदा. भरलेला.

"पोट्टी घरी असली की हात लावू देत नाई," ते वरूनच हसून म्हणाले. "आता तिकडं गेली तं म्हटलं साफ करून घेऊ. आंब्याचं रगत पेते हे."

आणि माझ्या तोंडून निघालं, केवढ्यानं निघालं, गायी उठून उभ्या राहिल्या. "काका, थांबा! हात नका लावू! ते मायं हाय!"

विळा हवेत थांबला. "तुयं?" अश्विनीचे बाबा म्हणाले. "आंबा माया, वावर मायं, सातबारा माया नावावर, अन् हे तुयं कसं काय व माय?"

"वांदा माया नावावर हाय! मॅडमले विचारा!"

मॅडम बांधावर उभ्या. चालत जाऊन झाडाखालच्या बाजेवर बसल्या. म्हणजे मलाच बोलायचं होतं. आणि मग मी जी सुटले! मी एक पडलेलं मूळ उचललं, काकांना खाली बोलावलं, म्हटलं बघा, हे मूळ सालीला नुसतं चिकटून होतं, सालीत भोक आहे का? नाही. हे झाडाचं काही पीत नाही. हवेतला ओलावा, सालीवरून वाहणारं पाणी, यावर जगतं. नुसतं बसायला जागा घेतं. मग त्याच आंब्याच्या दुसऱ्या फांदीवर बोट दाखवलं. तिथे फांदी गाठीसारखी फुगली होती आणि त्यातून वेगळ्याच पानांचा झुबका निघाला होता. ते बांडगूळ. "रगत पेते ते हे! काढा, अगदी मुळापासून काढा!" काकांनी बोट लावून पाहिलं, नखानं खरवडून पाहिलं, आणि खरंच ती फांदी कापली.

"म्हनजे इतके उन्हाळे मी चोर सोडून पाव्हन्याले मारत होतो?" ते म्हणाले. "अश्विनीनं सांगतलं होतं बरं का. पन घरच्या पोट्टीचं कोन आयकते!"

अश्विनीच्या आईनं जुनं लुगडं आणून दिलं. आम्ही त्याच्या चिंध्या केल्या आणि पडलेला एकेक झुबका परत फांदीला बांधला. काका शिडीवर, मी खालून सांगतेय, इतकं घट्ट नको, मुळं सालीकडे करा, सावलीच्या बाजूला, तिथे नाही तिथे! मी किती वेळ बोलत होते देव जाणे, घसा बसला. घामानं ओढणी भिजली होती. एक फूल तुटून पडलं होतं, ते घेऊन मी मॅडमजवळ गेले. मला वाटलं, फार बोलले, चिडल्या असतील.

मॅडमनी फुलाचा वास घेतला. डोळे मिटून. वांदाला काय गोड वास येतो, तुम्ही घेतला नसेल तर काय सांगू! मग माझ्याकडे बघितलं. चेहरा लाल झाला होता. तो लाल मला माहीत होता. मादागास्करच्या वेळचा लाल.

"पल्लवे," त्या म्हणाल्या, "मले तुयी जलन होऊन राह्यली."

"मायी? मॅडम, मायी काऊन?"

"मी जलमभर शिकवलं. सारं जग वाटून देल्लं पोरीयले. पन असं एखाद्या झाडाखाली उभं राहून, मालकावर वरडून, 'हे मायं हाय' म्हनता नाई आलं मले कदी. मायं सगळं नकाशातच राह्यलं." मग ते फूल माझ्या तळहातावर ठेवून, "वांदा मी माया नावावर ठेवलं होतं, तू यायच्या आधी. तुले दिलं तवा वाटलं, ही पोट्टी नाराज झाली. झाली तं झाली."

मी रडायलाच लागले. काका शिडीवरून म्हणाले, "काय झालं व? मुंगी चावली का?"

रस मात्र मॅडमनी भरपूर खाल्ला. चार वाट्या. परतीच्या बसमध्ये खिडकीत डोकं टेकून झोपल्या.

मॅडम त्याच वर्षी पोळ्याच्या आधी गेल्या. सकाळी चहा ठेवला होता गॅसवर, मॅडमचे मिस्टर म्हणाले, ओट्याजवळच बसल्या आणि बसल्याच राहिल्या. दहाव्याला जुन्या मुली आल्या, कॅटलिया आली, व्हॅनिला आली, आम्ही एकमेकींना खऱ्या नावानं हाक मारायचं विसरूनच गेलो होतो.

अश्विनीचा फोन मला आला. मला! ती रडत होती, मागे पाऊस वाजत होता. "मॅडम मायावर नाराज होत्या का वं? एकदाही फोन नाई घेतला त्यायनं." मला क्षणभर वाटलं, राहू दे, कशाला सांगायचं. मग सांगितलं. शेवग्याच्या शेंगांसकट सगळं सांगितलं, की त्या तुझ्यावर जळत होत्या. ती हसली, रडता रडता. "खरंच? मायावर? शप्पथ घे." मी शप्पथ घेतली. ती म्हणाली, आता मी कितीही मोठी झाली तरी ह्याच्याहून मोठं काही होणार नाही.

मग तिनं विचारलं, "बाबा सांगत होते, आंब्याखाली मॅडमनं तुले काहीतरी म्हटलं अन् तू रडली. काय म्हटलं?"

मी म्हटलं, सांगते कधीतरी. ते तिला द्यायचं नव्हतं मला. तिच्याकडे तिची जलन होती, ही माझी होती. तिनं दोन-तीनदा विचारलं, मी दोन-तीनदा टाळलं.

तर अश्विने, तू हे वाचशीलच, तुझी आई तुला पाठवल्याशिवाय राहणार नाही. वर लिहिलंय बघ सगळं, जसं म्हणाल्या तसं. आता तिकडे ढगात बसून खुशाल जळ. आणि तुझ्या बाबांना सांग, चिंध्या इतक्यात सोडू नका, वांदानं फांदी अजून नीट धरलेली नाही.